ग्रेसीबायला सांगितलं होतं

स्वप्नं पडावीत तर जरा भारी तरी पडावीत. कुणाच्या स्वप्नात साप येतो, कुणाची मेलेली आजी येऊन पाणी मागते, कुणी विमानातून खाली पडतो. वसईजवळच्या निर्मळ गावच्या चंद्रहासला काय दिसायचं, तर आपण पंप बंद केला. बस्स, एवढंच. पहाटे स्वप्नात हा गडी उठायचा, वाडीत जायचा, विहिरीवरच्या खोलीत शिरून बटण खाली करायचा आणि परत येऊन झोपायचा. मग खरोखरीचा जागा झाला की ओट्यावर आरामात चहा पीत बसायचा. तिकडे पंप आपला चालूच. केळीच्या आळ्यांतून पाणी भरून वाहायचं ते थेट रस्त्यावर.

"अहो, पंप," त्याची बायको प्रेमलता आतून म्हणायची.

"केला बंद."

"मग हे पाणी कुठून येतंय, वैतरणेतून?"

एकदा तर त्याने प्रेमलतेशी अर्धा दिवस अबोला धरला. का, तर तिने म्हणे त्याच्या आईचा तांब्याचा हंडा भंगारवाल्याला देऊन टाकला. हंडा न्हाणीघरात त्याच्या डोळ्यांदेखत भरलेला होता, त्याच हंड्यातल्या पाण्याने त्याने आंघोळ केली होती, तरी राग जाईना. पन्नाशी उलटलेला माणूस, वाडी एकट्याने सांभाळणारा, हिशेबाला पक्का, आणि बायकोवर रुसतो कशासाठी, तर तिने स्वप्नात केलेल्या गुन्ह्यासाठी. प्रेमलता हसली. हसून हसून तिने माहेरीही फोन करून सांगितलं.

हे सगळं सुरू झालं रस्ता मोजणारे येऊन गेले तेव्हापासून. दोघंतिघं आले, टेप लावली, कुंपणाच्या खांबावर लाल रंगाची रेघ मारली आणि निघून गेले. रेघ कशाची, रस्ता कुठून जाणार, विहीर राहणार की बुजणार, कुणी सांगेना. चंद्रहास तोंडाने म्हणायचा, "होईल ते होईल." मन थोडंच ऐकतंय? अंथरुणाला पाठ टेकली की ते कामाला लागायचं. हे राहिलं, ते राहिलं, हे विसरशील, ते विसरशील. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात ते काही उगीच नाही.

प्रेमलतेने त्याला वसईला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, काळजीने झोप सारखी तुटते, तुटक झोपेतली स्वप्नं जागेपणी लख्ख आठवतात, आणि स्वप्न रोजच्याच कामाचं असलं तर ते घडलं की पडलं हे माणसाला कळत नाही. काळजी कमी करा. काळजी काय आमटीतलं मीठ आहे, कमी करायला? चंद्रहासने मान डोलावली आणि येताना रिक्षात खांबावरच्या रेघेबद्दलच बोलत आला.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पुढचं नाही.

कुंपणापलीकडे ग्रेसीबायचं घर. सत्तरी गाठलेली, अंगाने किडकिडीत, आवाजाने खणखणीत. नवरा बस्त्याव जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा एरॉल कामणच्या एका गोदामात सुपरवायझर, राहायला विरारला, उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये. ग्रेसीबाय एकटी राहायची, म्हणजे एकटी तरी कशी म्हणायची? तिच्याकडे डेझी नावाची शेळी होती, डेझीचं करडू होतं, कोंबड्या होत्या, आणि गल्लीतल्या क्रुसापुढे रोझरीची प्रार्थना तिच्याशिवाय सुरू व्हायची नाही. कुणाचं बारसं कधी झालं, कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं, सगळं तिला तोंडपाठ. चंद्रहास लहानपणी तिच्या कडेवर खेळलेला. अजून ती त्याला चंदूच म्हणायची.

डेझीचा पाला चंद्रहासच्या वाडीतून जायचा. कुंपणात एक फट होती, ती बस्त्यावच्या काळापासून कुणी बुजवली नव्हती. वालाचे वेल खुडले, तण काढलं, की ढीग फटीपाशी पडायचा, ग्रेसीबाय येऊन घेऊन जायची. विचारायचं नाही, आभार मानायचे नाहीत. नियम एकच. वाडीत औषध मारायचं असलं की चंद्रहासने स्वतः तिच्या मागल्या दारी जायचं आणि सांगायचं, "ग्रेसीबाय, औषध मारतोय, मी सांगेपर्यंत पाला नेऊ नकोस." चिठ्ठी नाही, फोन नाही, कुणाच्या हाती निरोप नाही. त्याच्या बापाने तसंच केलं होतं आणि त्यानेही कधी चुकवलं नव्हतं.

त्या डिसेंबरात वालावर माव्याची कीड पडली. शेंगा धरायच्या वेळेलाच. चंद्रहासने औषध आणून ठेवलं, आणि रात्री निजताना मनाला बजावलं की उद्या औषध मारायचं, आणि ग्रेसीबायला सांगायचं. विसरायचं नाही.

आणि तो विसरला नाही. सकाळी उठला तेव्हा त्याला सगळं लख्ख आठवत होतं. तो मागल्या दारी गेला होता, ग्रेसीबाय पाटावर बसून बोंबील साफ करत होती, त्याने सांगितलं, तिने मान वर न करता "बरं बाबा" म्हटलं. त्याने निवांतपणे चहा घेतला, टाकी पाठीला लावली, वालावर औषध मारलं. त्याआधी खुडलेले वेल फटीपाशी पडलेलेच होते, त्यांच्यावरही फवारा उडाला. उडू दे, सांगितलंय तिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रेसीबायची हाक आली. अशी हाक त्याने तिच्या तोंडून बस्त्याव गेला त्या दिवशीच ऐकली होती. तो धावला. डेझी अंगणात आडवी पडली होती, तोंडाला फेस, पाय ताणलेले. करडू तर गेलंच होतं. गुरांच्या डॉक्टरला फोन लावला, तो येईपर्यंत डेझीही गेली. गल्ली जमली. एरॉल कामणहून मोटारसायकलवर आला, हेल्मेट हातात तसंच.

"काय खाल्लं तिने?" डॉक्टरने विचारलं.

"पालाच. चंदूच्या वाडीतला," ग्रेसीबाय म्हणाली.

सगळ्यांच्या नजरा चंद्रहासकडे वळल्या. पण त्याचं मन स्वच्छ होतं हो, तेच तर दुखणं आहे. खोटं बोलणारा माणूस निदान अडखळतो. हा अडखळला नाही.

"ग्रेसीबाय, अगं मी तुला सांगितलं होतं ना? काल सकाळीच. मागल्या दारी आलो होतो."

"मला?" ती म्हणाली. "कधी रे?"

"तू बोंबील साफ करत होतीस. मी म्हटलं औषध मारतोय, तू म्हणालीस बरं बाबा."

बोंबील तर ग्रेसीबायने आदल्या दिवशी आणले होते, हे खरंच होतं. हिवाळ्यात ती एक दिवसाआड बोंबीलच आणते, हे त्या क्षणी कुणाच्या डोक्यात यायला? ती मेलेल्या शेळीकडे बघत राहिली, मग चंद्रहासकडे, मग स्वतःच्या हातांकडे.

"असेल," ती म्हणाली. "असेल बाबा. माझ्याच ध्यानात राहिलं नसेल."

एरॉल आईकडे बघत होता. त्या घरात सगळ्यांना एक गोष्ट माहीत होती. ग्रेसीबायची आई, बर्था, शेवटी शेवटी सगळं विसरली होती. स्वतःच्या लेकीला ती "तू कुणाची गं?" असं विचारायची, आणि एकदा तर चालत चालत निघून गेली ती कामणच्या रस्त्यावर सापडली. ग्रेसीबाय आयुष्यात कशाला भ्याली असेल तर या एका गोष्टीला.

त्या दिवसापासून ग्रेसीबायचा आवाज बसला. कुलूप लावायची, चार पावलं जायची, परत येऊन ओढून बघायची. रुमालाला गाठी मारायची, आणि मग गाठ कशाची ते आठवत बसायची. क्रुसापुढे प्रार्थना सांगताना मध्येच थांबली, म्हणाली, "हे झालं का गं म्हणून?" तेव्हापासून तिने पुढे उभं राहणंच सोडलं. आणि रोज सकाळी फटीपाशी येऊन चंद्रहासला विचारायची, "चंदू, आज तू मला काही सांगितलंस का रे?"

"नाही गं, काही नाही."

"नक्की ना?"

एक दिवस एरॉल मुद्दाम त्याच्याकडे आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला. "अंकल, थँक्यू बोलायचं होतं," तो म्हणाला. "तुम्ही त्या दिवशी बोललात म्हणून कळलं तरी. मम्मीने आम्हाला पत्ताच लागू दिला नसता. आता नाताळ झाला की तिला घेऊन जातो. कोंबड्या कुणाला तरी देऊन टाकतो, घराला कुलूप."

"ती राहील तिथे?" चंद्रहासने विचारलं.

"राहायला लागेल ना. आजीचं बघितलंय मी. गॅस चालू ठेवून झोपली तर काय करणार?"

एरॉल गेला. चंद्रहासला वाईट वाटलं, पण त्यात थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला सांगू. आपण वेळेवर सांगितलं होतं, दोष आपल्याकडे नाही. प्रेमलता चहा घेऊन आली तेव्हा तो तेच पुन्हा रंगवून सांगत होता. माणसाला एकदा आपलं खरं वाटलं की तो त्याला दर वेळी नवं लुगडं नेसवतो.

"मी काय गडबडीत सांगितलं का तिला? चांगला उभा राहिलो. आतून खोकल्याचा आवाज आला, तर मी हाक मारून विचारलंसुद्धा, काय बस्त्यावभाऊ, सर्दी झाली का म्हणून."

प्रेमलतेने कप खाली ठेवला. "कुणाला विचारलंत?"

"बस्त्याव..." आणि तो तिथेच थांबला.

बस्त्यावच्या मातीला तो स्वतः गेला होता. खांदा दिला होता त्याने.

चहावर साय धरली. हंड्याच्या वेळी माहेरी फोन करून हसलेली बाई आता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"जाऊन सांगा," शेवटी ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"सांगतो."

पण त्याने सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्याही नाही. शेळ्या आपण मारल्या हे सांगणं एक वेळ जमलं असतं, भरपाई तरी करता आली असती. पण चार माणसांत आपण एका म्हातारीला तिच्या तोंडावर खोटं पाडलं, तिच्या डोक्यावरचा तिचा विश्वास काढून घेतला, आणि वर एरॉलचे आभार खिशात घातले, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? त्याने तिला शेंगा नेऊन दिल्या. केळ्यांचा घड दिला. ती म्हणायची, "कशाला रे एवढं?" आणि तो पाठ फिरवून चालू लागायचा. खाई त्याला खवखवे.

आणि मग ते सुरू झालं. स्वप्नात तो रोज पहाटे जाऊन तिला सांगू लागला. मागल्या दारी उभा राहायचा, म्हणायचा, ग्रेसीबाय, मी आलोच नव्हतो, मला स्वप्न पडलं होतं. ती हसायची, म्हणायची, मेल्या, मला वाटलंच होतं. डोक्यात टपली मारायची. तो जागा व्हायचा तो पिसासारखा हलका होऊन, शीळ घालत पंप लावायला जायचा, सुटलो एकदाचा म्हणायचा. आणि फटीपाशी ग्रेसीबाय रुमालाची गाठ चाचपत उभी असायची. "चंदू, आज तू मला काही सांगितलंस का रे?"

दर सकाळी एकदा सुटायचं आणि एकदा पुन्हा अडकायचं, याहून वाईट शिक्षा कुणी शोधून काढली असेल असं वाटत नाही.

नाताळ झाला. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून एरॉल आईला न्यायला येणार, हे कळलं तेव्हा चंद्रहासने सदरा चढवला आणि प्रेमलतेला म्हणाला, "तू चल माझ्याबरोबर."

"मी कशाला?"

"तू बरोबर असलीस म्हणजे मला कळेल, की मी खरंच गेलो."

ते पुढच्या दाराने गेले. ग्रेसीबाय खुर्चीत बसली होती, पायाशी बांधलेल्या पिशव्या. एरॉल भिंतीवरची आल्तारची, देवाची लाकडी फळी उतरवत होता. चंद्रहास बसला नाही. उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं. औषध मारलं ते, स्वप्न पडलं ते, आपण आलोच नव्हतो ते, बस्त्यावचा खोकला, आणि कळल्यावरही इतके दिवस गप्प बसलो ते. काही म्हणता काही लपवलं नाही.

"खरं आहे, ग्रेसीबाय," प्रेमलता म्हणाली. "यांना अशी स्वप्नं पडतात. डॉक्टरीणबाईंना विचारा हवं तर."

एरॉलने फळी खाली ठेवली. तो चिडला नाही. चिडला असता तर चंद्रहासने त्याचे पाय धरले असते.

"अंकल, मानतो मी," तो म्हणाला. "पण या महिन्यात गॅस दोनदा चालू राहिला. परवा ती चर्चमधून घरी यायचं सोडून भलतीकडेच वळली, फादरांनी आणून सोडलं. ते पण तुमचं स्वप्न का?"

"ती घाबरलीय रे. माझ्यामुळे घाबरलीय. घाबरलेल्या माणसाचं असंच होतं, माझंच बघ की."

"असेल. पण मी तिला एकटी कशी ठेवू, तुम्हीच सांगा."

चंद्रहास ग्रेसीबायपुढे उकिडवा बसला. "ग्रेसीबाय, तू बोल. तुझं डोकं ठीक आहे. तू काही विसरली नव्हतीस. मी आलोच नव्हतो."

ग्रेसीबायने त्याच्या केसांवरून हात फिरवला. तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा शांतपणा होता.

"आला होतास, चंदू," ती म्हणाली. "मला आठवलंय आता. किती दिवस डोकं खाजवलं, तेव्हा कुठे आठवलं. निळा सदरा होता तुझ्या अंगात. मला म्हणालास, औषध मारतोय. मी म्हटलं, बरं बाबा. आणि माझ्या हाताला वास होता म्हणून मी तुला चहा विचारला नाही."

"नाही गं ग्रेसीबाय..."

"पुरे आता. माझ्यासाठी एवढं खोटं बोलू नये. बायकोलाही बोलायला लावलंस." ती एरॉलकडे वळली. "बघ, असा शेजार तुझ्या बिल्डिंगमध्ये मिळेल का मला?" मग पुन्हा चंद्रहासचा हात धरून म्हणाली, "एक करशील? रोज एक फोन कर. काय वार आहे, मी कुणाला काय बोलले होते, कुणाचं काय झालं, ते सांगत जा. एरॉल दिवसभर कामावर. तुझ्या ध्यानात राहतं सगळं. तू सांगशील ते मी खरं धरीन."

प्रेमलतेने तोंडाला पदर लावला आणि ती अंगणात निघून गेली. चंद्रहास तिथेच बसून राहिला. "करशील ना?" ग्रेसीबायने पुन्हा विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "करीन."

टेम्पो संध्याकाळच्या आत आला आणि गेला.

सकाळी चंद्रहास उठला, ओट्यावर येऊन बसला. पलीकडे कोंबड्यांचा आवाज नव्हता, पण ऊन अजून वर आलं नव्हतं, कोंबड्या कोंडलेल्या असतील. प्रेमलतेने चहा आणून दिला. त्याने कप दोन्ही हातांत धरला, प्यायला नाही.

"प्रेमा," तो म्हणाला, "आपण काल ग्रेसीबायकडे गेलो, ती मला असं असं म्हणाली. मला हे स्वप्न पडलं ना?"

प्रेमलता उभी होती. तिला हो म्हणता आलं असतं. एक दिवसापुरतं, निदान चहा संपेपर्यंत.

"नाही हो," ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारी बसली. "आपण गेलो होतो."